रोपांसाठी दिवा निवडताना



वसंत व्याख्यानमालेत विद्वानांनी बोलावे आणि आमच्यासारख्यांनी सतरंजीवर बसून ऐकावे, हा माझा आजवरचा रिवाज. मी नववीत शाळा सोडली. पुढे जे काही शिक्षण झाले ते असल्या मांडवांत, नगरवाचनालयात आणि कारखान्याच्या दारात झाले. म्हणून चालकांचे बोलावणे आले तेव्हा मी म्हटले, "बोलेन, पण जे हाताने केले आहे, त्यावरच बोलेन." त्यांनी विषय विचारला. मी सांगितले, "खोलीत रोपे वाढवायची तर ट्यूबलाइट कशी निवडावी." चालक क्षणभर गप्प झाले. कामगार संघटनेचा माणूस बोनसवर बोलेल, फार तर संपावर बोलेल. ट्यूबलाइटवर काय बोलणार, असे त्यांना वाटले असावे.

त्याचा खुलासा आधी करतो. तरुणपणी मी वायरमनच्या हाताखाली हेल्पर होतो. पट्ट्या बसवणे, चोक बदलणे, स्टार्टर फिरवून पाहणे, यात माझी काही वर्षे गेली. पुढे संघटनेच्या कामात पडलो आणि टिश्यू कल्चरच्या, म्हणजे ऊतिसंवर्धनाच्या, प्रयोगशाळांत काम करणाऱ्या बायकांशी माझा संबंध आला. आपण जी केळी खातो तिची पुष्कळ रोपे आज असल्या प्रयोगशाळांतून येतात. जळगावकडची केळीची बाग ज्याने पाहिली असेल, त्याला ही रोपे नवीन नाहीत. पण ती रोपे लहान असताना कोणत्या उजेडात वाढली आणि त्या उजेडात कोण उभे होते, हे बागेत दिसत नाही. ते आज सांगावे, असे मनात आहे.

प्रथम ती खोली डोळ्यांपुढे आणा. भिंतीपासून भिंतीपर्यंत लोखंडी मांडण्या. प्रत्येक फळीवर काचेच्या वा प्लॅस्टिकच्या बाटल्या, बाटलीत खळीसारखा थिजलेला आगर, आणि त्यात रोवलेले बोटभर हिरवे कोंब. प्रत्येक फळीच्या वर ट्यूब. खोलीत साधारण पंचवीस अंश उष्णता, सोळा तास उजेड आणि आठ तास अंधार. शेजारच्या खोलीत बायका तोंडाला मास्क बांधून, गाळलेल्या हवेच्या पेटीसमोर बसून, चिमट्याने आणि सुरीने एका कोंबाचे चार करतात. या पेटीला सगळे लॅमिनार म्हणतात.

अशाच एका प्रयोगशाळेतून एकदा रात्री मला फोन आला. "भाऊ, आम्हां तिघींच्या डोळ्यांत वाळू भरल्यागत होतंय. उघडवत नाहीत." व्यवस्थापकांचे म्हणणे पडले की डोळे आले असतील, साथ चालू आहे. मी गेलो. डोळे लाल होते, पाणी गळत होते, आणि कपाळाची कातडी उन्हात राबल्यासारखी तांबडी झाली होती. डोळे आल्यावर कपाळ भाजत नाही. असले डोळे मी वेल्डरांचे पाहिले होते. काम करताना काही वाटत नाही. चार-सहा तासांनी रात्री ठणका सुरू होतो. मी लॅमिनार उघडून पाहिली. आत दोन ट्यूबा शेजारी शेजारी होत्या. एक नेहमीची पांढरी, आणि दुसरी जंतू मारण्याची, जी कामापूर्वी लावायची आणि काम सुरू करताना बंद करायची. दोघींची बटणे एकाच पट्टीवर, एकाच आकाराची, खूण काही नाही. त्या दिवशी जंतूंची ट्यूब चालूच राहिली होती. तिचा उजेड डोळ्याला फिका निळसर दिसतो, म्हणून पांढऱ्या ट्यूबच्या झोतात तो कोणाला कळला नाही.

डॉक्टरांनी औषध दिले आणि दोन दिवसांत डोळे बरे झाले. आम्ही भांडण वाढवले नाही. पांढरा दिवा लागला की जंतूंचा आपोआप विझावा, अशी जोडणी मागितली आणि ती झाली. वायरमनचे एका दुपारचे काम होते. पण त्या दिवसापासून मी ट्यूबविषयी मिळेल ते वाचू लागलो. कारण त्या दोन ट्यूबांच्या पोटात एकच गोष्ट जळत होती, आणि एक रोपे वाढवीत होती, तर दुसरी माणसाचे डोळे जाळीत होती.

ती गोष्ट म्हणजे पारा. ट्यूबमध्ये पाऱ्याची थोडीशी वाफ असते. तिच्यातून वीज गेली की अतिनील किरण निघतात. त्यांतल्या मुख्य किरणाची लांबी २५४ नॅनोमीटर. हा किरण आपल्याला दिसत नाही आणि तो जंतूंना मारतो. नेहमीच्या ट्यूबच्या काचेला आतून पांढरी भुकटी चोपडलेली असते. ती हा किरण पिऊन टाकते आणि त्याच्या बदल्यात दिसणारा उजेड देते. जंतूंच्या ट्यूबला भुकटी नसते आणि तिची काच अशी असते की किरण बाहेर येतो. म्हणजे ट्यूब निवडणे म्हणजे भुकटी निवडणे होय. एवढे ध्यानात ठेवले की पुढचा सगळा विषय सोपा होतो.

अमेरिकेत ही ट्यूब बाजारात आली १९३८ साली. गिऱ्हाइकाने तिच्याकडे घरचा दिवा म्हणून पाहिले, आणि कंपन्यांनीही ती माणसाच्या डोळ्याच्या मापाने मोजली. ल्युमेन आणि लक्स ही दोन्ही मापे आपल्या डोळ्याची आहेत. आपला डोळा हिरवट-पिवळ्या रंगाला सर्वांत तल्लख, तांबड्याला आणि निळ्याला मंद. पानाचा हिशेब निराळा आहे. ४०० पासून ७०० नॅनोमीटरपर्यंतचा जवळजवळ सगळा उजेड पान कमीअधिक वापरते. तो मोजायचा तर प्रकाशाचे कण मोजावे लागतात, आणि त्याचे माप मायक्रोमोल असे आहे. साध्या पांढऱ्या ट्यूबखाली एक हजार लक्स म्हणजे दर चौरस मीटरला, दर सेकंदाला सुमारे साडेतेरा मायक्रोमोल. भर दुपारी उघड्यावर एक लाखाच्या घरात लक्स असतात; कणांच्या मापाने ते दोन हजारांच्या आसपास जाते. आमच्या मांडण्यांवर मात्र दोन-तीन हजार लक्स, म्हणजे अवघे तीस-चाळीस मायक्रोमोल.

मग एवढ्याशा उजेडावर रोप जगते कसे? मला हा प्रश्न एका बाईनेच विचारला होता. उत्तर बाटलीच्या तळाशी आहे. त्या आगरात खनिजांबरोबर साखर घातलेली असते, बहुधा लिटरला तीस ग्रॅम. कोंब उजेडावर पोट भरत नाही; तो आयते खातो. उजेड त्याला वळण लावण्यापुरता, पान हिरवे ठेवण्यापुरता लागतो. ट्यूब या कामाला पुरते ती म्हणून. ज्याला घरात टोमॅटो, मिरची वा झेंडूची रोपे करावयाची आहेत, त्याच्या मातीत साखर नाही. त्याला उजेड जास्त लागेल, म्हणजे ट्यूब जवळ आणावी लागेल. ट्यूबचा हा एक मोठा गुण आहे की तिचे अंग फारसे तापत नाही. जुना पिवळा बल्ब रोपाजवळ नेला तर पान करपते. ट्यूब मात्र रोपाच्या शेंड्यापासून चार-सहा इंचांवर टांगता येते. रोप वाढेल तशी ती वर उचलावी. छताला ट्यूब लावून जमिनीवर रोपे ठेवणारा माणूस वीज फुकट घालवतो, आणि त्याची रोपे उजेडाच्या शोधात लांबट, फिकी आणि लुळी होतात.

आता कोणती ट्यूब? ट्यूबच्या टोकाशी बारीक अक्षरांत आकडे छापलेले असतात. टी-१२, टी-८, टी-५ ही जाडी झाली, इंचाच्या आठव्या भागांत मोजलेली; टी-१२ म्हणजे दीड इंच, टी-८ म्हणजे एक इंच. पुढे ८६५, ८४० असा आकडा असेल तर पहिला आठ हा भुकटी चांगली असल्याची खूण. तिच्या उजेडात रंग बरेचसे खरे दिसतात. शेवटचे दोन आकडे उजेडाचा रंग सांगतात. ६५ म्हणजे ६५०० अंशांचा निळसर पांढरा, ४० म्हणजे मधला, ३० म्हणजे उबदार पिवळसर. जुन्या स्वस्त भुकटीची ३६ वॅटची ट्यूब सुमारे २५०० ल्युमेन देते, आणि तीच वीज खाऊन ८६५ ची ट्यूब ३२५० च्या आसपास देते. दुकानात दोघी शेजारी टांगलेल्या असतात, आणि आपण किंमत पाहून पहिली घेतो.

रंगाविषयी एवढे सांगतो की निळा अंश रोपाला ठेंगणे आणि दणकट ठेवतो. म्हणून कोवळ्या रोपांना ६५ ची ट्यूब चांगली. फुलावर येणाऱ्या झाडाला तांबडा अंशही हवा, म्हणून एक ६५ ची आणि एक ३० ची अशी जोडी लावतात. खास रोपांसाठी म्हणून जांभळट ट्यूबाही १९६० च्या दशकापासून विकल्या गेल्या. त्यांची भुकटी हिरवा रंग टाळते, कारण पान हिरवे दिसते म्हणजे ते हिरवा उजेड नाकारते, असा समज होता. पण मॅक्री नावाच्या शास्त्रज्ञाने बावीस जातींच्या पिकांची पाने एकेका रंगाच्या उजेडात तपासून १९७२ साली दाखवून दिले की हिरवा उजेडही पान बऱ्यापैकी कामी आणते. हा मुद्दा लक्षात ठेवा. त्याच्याशी माझे पुढे काम आहे.

उजेडाइतकाच अंधारही निवडावा लागतो. १९१२ च्या सुमारास फ्रान्समध्ये ज्युलियन तुर्न्वा हा तरुण संशोधक हॉप आणि भांगेच्या जातीच्या झाडांवर काम करीत होता. दिवस लहान केला की ही झाडे लवकर फुलावर येतात, असे त्याला आढळले. पुढे पहिल्या महायुद्धात तो मारला गेला आणि त्याचे काम अर्धवट राहिले. १९२० साली अमेरिकेत गार्नर आणि अॅलार्ड यांनी तंबाखू व सोयाबीन यांवर हेच सिद्ध केले. आणि १९३८ साली, ज्या वर्षी ट्यूब बाजारात आली त्याच वर्षी, हॅमनर आणि बॉनर यांनी दाखवले की झाड दिवस मोजत नाही, रात्र मोजते. लांब रात्रीच्या मध्यावर क्षणभर दिवा लावला तरी त्यांच्या झाडाचे फुलणे थांबले. आपली शेवंती याच जातकुळीची आहे. फुलण्याआधी झाड वाढवावयाचे असले की शेवंतीवाले रात्री दिवे लावतात, ते याच कारणाने. भांगेचे नाव निघाले म्हणून सांगतो : परदेशात बंद खोलीत ट्यूबा टांगून तेच झाड वाढवण्याचा नाद अनेकांना लागला, आणि कॅनडासारख्या देशाने २०१८ साली त्याला कायद्याची वाटही करून दिली. आपल्याकडे १९८५ च्या कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय ते लावणे गुन्हा आहे. तेव्हा आपण शेवंतीवरच राहू.

आता खर्चाकडे येऊ, कारण संघटनेचा माणूस हिशेबावाचून राहू शकत नाही. चाळीस वॅटची जुनी जाड ट्यूब आणि तिचा तांब्याचा चोक मिळून पन्नास वॅट खातात. शंभर ट्यूबा सोळा तास जळल्या तर दिवसाला ऐंशी युनिट झाले. टी-५ ची बारीक ट्यूब आणि इलेक्ट्रॉनिक चोक मिळून बत्तीस वॅट धरा, एक्कावन्न युनिट. वीस वॅटची एलईडी पट्टी लावा, बत्तीस युनिट. शिवाय बंद खोलीत दिव्याने जे खाल्ले ते शेवटी उष्णता होते, आणि ती बाहेर काढायला वातानुकूलन यंत्राला पुन्हा वीज लागते. म्हणूनच शहाणे लोक चोक खोलीबाहेर बसवतात. आणखी एक : ट्यूब एकदम मरत नाही, ती म्हातारी होते. टोके काळी पडतात, उजेड हळूहळू उतरतो. आपला डोळा सवयीने फसतो, रोप फसत नाही. रोपांवरची ट्यूब विझायची वाट न पाहता ठरल्या मुदतीने बदलावी.

हा हिशेब मालकाकडे असतो, आणि तो खोटा नाही. पण त्यात एक रकाना नेहमी रिकामा राहतो. १९४० च्या दशकात अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात सेलम गावी ट्यूबा बनवण्याचा कारखाना होता. त्या काळच्या भुकटीत बेरिलियम नावाचा धातू असे. भुकटी हाताळणाऱ्या कामगारांना, आणि त्यांत बहुतेक तरुण स्त्रिया होत्या, धाप लागू लागली, वजन घटू लागले, काही दगावल्या. प्रथम तो दुसराच रोग समजला गेला. हॅरिएट हार्डी या डॉक्टरबाईने माग काढून १९४६ साली आपल्या सहकाऱ्यासह तो रोग नोंदवला. १९४९ साली ट्यूबवाल्यांनी बेरिलियम वापरणे सोडले. भुकटी बदलली आणि ट्यूब पूर्वीसारखीच जळत राहिली. म्हणजे बदल आधीही होऊ शकला असता.

भुकटी सुटली तरी पारा राहिला. एका ट्यूबमध्ये तो काही मिलिग्रॅमच असतो, जुन्या जाड ट्यूबमध्ये त्याहून अधिक. पण प्रयोगशाळेच्या मागे शेकडो मेलेल्या ट्यूबा रचलेल्या असतात, आणि पोरे त्या तलवारी म्हणून फोडतात, नाहीतर भंगारवाला अॅल्युमिनियमच्या टोप्यांसाठी फोडतो. आपल्या देशात २०१६ च्या ई-कचरा नियमांत या ट्यूबांचा समावेश झाला. त्या निराळ्या गोळा करून अधिकृत ठिकाणी देणे हे काम आहे, उपकार नाही. जपानमधील मिनामाता येथे पाऱ्याने जो हाहाकार केला तो १९५६ साली उघडकीस आला. त्या गावाच्या नावाने झालेला करार २०१७ पासून अमलात आला, भारताने तो २०१८ साली मान्य केला, आणि २०२३ साली जिनीव्हाच्या परिषदेत सर्व देशांनी ठरवले की २०२७ पर्यंत या ट्यूबांचे उत्पादन आणि आयातनिर्यात टप्प्याटप्प्याने बंद करावी. तेव्हा आज ट्यूब कशी निवडावी या प्रश्नाचे निम्मे उत्तर असे की आहेत त्या नीट वापरा, नीट निरोप द्या, आणि नवीन घेताना एलईडी घ्या.

पण एलईडी कोणती? इथे माझा मुख्य मुद्दा येतो. एका प्रयोगशाळेत ट्यूबा काढून एका खोलीत जांभळ्या एलईडी लावल्या. फक्त तांबडा आणि निळा उजेड. वीज वाचली, रोपेही वाढली. मात्र महिन्याभरात बायकांवर मेमो आले, की बुरशी लागलेल्या बाटल्या तुम्ही वेळीच काढत नाही, शेजारच्या बाटल्या खराब होतात. ज्या बाया पंधरा-पंधरा वर्षे नजरेने बाटली पारखत होत्या, त्या एकाएकी बेपर्वा कशा झाल्या? मी त्या खोलीत गेलो. हिरवे पान काळे दिसत होते, पिवळी बुरशी आणि तपकिरी डाग यांत फरक कळत नव्हता. बाहेर आल्यावर सगळे जग हिरवट भासत होते. एक बाई म्हणाली, "भाऊ, या उजेडात मला माझा हातसुद्धा परका दिसतो. बुरशी काय दिसणार?"

आम्ही चर्चेला बसलो तेव्हा मी घोषणा दिल्या नाहीत. मॅक्रीचा तो मुद्दा मांडला. पांढऱ्या एलईडीतही निळा, हिरवा, तांबडा तिन्ही असतात. पान ते सगळे वापरते. जांभळ्याने वीज थोडी आणखी वाचेल, पण खराब बाटल्यांत ती बचत बुडेल. व्यवस्थापक समंजस होते. त्यांनी एका खोलीत पांढऱ्या पट्ट्या लावून पाहिल्या. रोपांत फरक पडला नाही, बुरशी पूर्वीसारखी वेळेवर सापडू लागली, आणि मेमो मागे घेतले गेले. मला त्या दिवशी एका पगारवाढीइतका आनंद झाला.

आपल्यापैकी पुष्कळांनी प्रयोगशाळा पाहिली नसेल. पण गॅलरीत कोथिंबीर, मिरची लावणारे येथे खूप असतील. त्यांच्यासाठी सांगणे थोडके आहे. दिवा पांढरा घ्या, रोपाजवळ टांगा, सोळा तास पुरे, रात्री अंधार द्या, आणि मेलेली ट्यूब कचऱ्याच्या गाडीत टाकू नका. ज्यांच्या हाती कारखाने आहेत त्यांना एकच विनंती. दिव्याच्या खोक्यावर वॅट असतात, ल्युमेन असतात, रंगाचा आकडा असतो. त्या उजेडात आठ तास कोण उभे राहणार, हे छापलेले नसते. ते ज्याने त्याने जाऊन विचारावे लागते. रोप बोलत नाही, म्हणून त्याच्यासाठी आपण यंत्र लावून मोजतो. माणूस बोलतो, तर त्याला निदान विचारावे. आमच्या त्या तिघींना कोणी आधी विचारले असते, तर त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले असते की, "साहेब, दोन बटणे सारखी आहेत, चूक होईल."